गावच्या रस्त्यावरून हायवा डंपर कसे हटवायचे : मोजणीपासून फलकापर्यंत

‘आमच्या गावातून जाणारे डंपर ताबडतोब बंद करावेत, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ एवढं एकच वाक्य आणि खाली दीडशे सह्या, असे अर्ज मी नोकरीत ढिगाने पाहिले. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मी शाखा अभियंता होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारा. अर्जावर आम्ही ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असं लिहायचो, की तो दुसऱ्या टेबलावर जायचा, तिथून तिसऱ्या. प्रत्येक वेळी कोणी लबाडीच करत होतं असं नाही (थोडी होतही होती). पण अर्जात सही करण्याजोगं काही नसायचं. रस्ता कोणता, कुठून कुठपर्यंत? कोणती गाडी? किती वाजता? सूट कोणाला? आणि अडवलेली गाडी मग जाणार कुठून? या प्रश्नांची उत्तरं ज्या गावांनी कागदावर आणून दिली, त्यांची फाइल हलली. निवृत्तीनंतर दोन-तीन गावांना असे कागद तयार करून दिले, त्यातून ही पद्धत बसली.

आधी रस्ता कोणाचा ते बघा

गावात कोणालाही विचारा, रस्ता ‘पीडब्ल्यूडीचा’ असतो. तो तसा असेलच असं नाही. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे कागदोपत्री ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’, जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर कडेला योजनेचा फलक असतो आणि त्यावर लांबी, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख लिहिलेली असते. या रस्त्यांची पहिली पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. त्यामुळे ती मुदत संपली नसेल तर ठेकेदार आणि उपअभियंता दोघंही मनातून तुमच्याच बाजूचे असतात. रस्ता डंपरने फुटतो आणि खड्डे बुजवायला त्यांना यावं लागतं.

उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि साखळी, म्हणजे किलोमीटर किती ते किती, लिहून घ्या. पुष्कळदा एकाच रस्त्याचे तीन तुकडे तीन वेगळ्या खात्यांचे निघतात. मधले दोन किलोमीटर दर्जोन्नत होऊन पीडब्ल्यूडीकडे गेलेले असतात आणि गावाला त्याचा पत्ताही नसतो. असं असेल तर अर्जात तिन्ही तुकडे वेगवेगळे लिहा. पाणंद किंवा शिवरस्ता असेल तर मात्र हा लेख तुमच्या कामाचा नाही. ते प्रकरण तहसीलदाराकडचं.

रस्ता फुटतो कसा, हे पाठ करून ठेवा

अर्जानंतर सगळी खाती मिळून रस्ता बघायला येतात, त्या संयुक्त पाहणीत खडी क्रशरचा माणूस हमखास म्हणतो, ‘रस्ता पावसाने गेलाय साहेब, गाडीने कुठं रस्ता जातो?’ त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

रस्त्याची झीज गाडीच्या एकूण वजनावर कमी आणि एका आसावर (अ‍ॅक्सलवर) किती भार येतो यावर जास्त ठरते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून हे तपासलं गेलं. ढोबळ नियम असा निघाला की आसाचा भार जितक्या पट वाढतो, त्याच्या चौथ्या घाताने झीज वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर झीज दुप्पट. दीडपट भरला तर पाचपट. आपल्याकडे ८.१६ टनांचा एक आस, म्हणजे ‘प्रमाण आस’, हे माप धरून रस्त्याची जाडी ठरवतात. असा एक आस एकदा गेला की त्याने होणारी झीज करायला मोटारगाडीचे हजारो आस लागतात. त्यामुळे ‘गावातल्या गाड्याही वाढल्यात की’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आता आपला रस्ता. कमी वाहतुकीचे ग्रामीण रस्ते इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘एसपी ७२’ या मार्गदर्शिकेप्रमाणे आखले जातात. त्यात टी-१ ते टी-९ असे वर्ग आहेत. सगळ्यात हलका वर्ग दहा वर्षांत मिळून १० ते ३० हजार प्रमाण आसांचा, सगळ्यात जड वर्ग २० लाखांपर्यंतचा. समजा तुमचा रस्ता मधला, टी-४ वर्गातला, म्हणजे फार तर २ लाख आसांचा आहे. नियमात भरलेला दहाचाकी ट्रक एका खेपेत साधारण पाच प्रमाण आसांएवढी झीज करतो. दिवसाला ६० भरलेल्या खेपा, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ९० हजार. दहा वर्षांचा रस्ता सव्वादोन वर्षांत संपला. तोही नियमातल्या वजनावर. जास्त भरलेल्या गाडीचा हिशोब तुम्हीच करा.

रुंदीचं गणित आणखी सोपं आहे आणि साहेबलोकांना ते पटकन पटतं. ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग साधारण ३.७५ मीटर, काही ठिकाणी ३ मीटरच. ट्रकला २.६ मीटरपर्यंत रुंदी चालते. दोन ट्रक समोरासमोर आले की दोघांची उजवी चाकं डांबरावर आणि डावी साइडपट्टीवर. साइडपट्टी खचली की डांबराची कड तुटते, कड तुटली की पाणी आत शिरतं. क्रशरवाल्याचा पाऊस मग राहिलेलं काम पुरं करतो.

सात दिवस मोजा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून गावं ते टाळतात आणि तिथेच अर्ज पडतो. सरकारी वाहतूक गणनाही सात दिवस आणि चोवीस तास असते, तेव्हा तुम्हीही तेवढीच करा. तरुण मंडळाची पोरं तीन पाळ्यांत बसवा. जागा एकच ठेवा आणि ती रस्त्याच्या तोंडाजवळची असू द्या. मोजणीत बाजाराचा दिवस येऊ द्या.

वहीत प्रत्येक तासाला एक ओळ. रकाने असे: सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी, त्याहून मोठी, ट्रॅक्टर-ट्रॉली, एसटी. प्रत्येकात दोन भाग करा, भरलेली आणि रिकामी. भरलेली गाडी ओळखायला काटा लागत नाही. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबलेले असतात आणि चढाला आवाज बदलतो. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी किती मुलं पायी जातात हेही वेगळं लिहा. दिवसाला पाच-सहा फोटो पुरेत, वेळ दिसेल असे.

गाडी थांबवू नका, मालाचा वाहतूक पास मागू नका, किल्ली काढून घेऊ नका. तो अधिकार तुम्हाला नाही. आणि एकदा ड्रायव्हरशी हमरीतुमरी झाली की पुढची सगळी फाइल ‘गावातील वाद’ या नावाने ओळखली जाते.

मोजणीचा दुसरा फायदा म्हणजे गावाचाच गैरसमज फिटतो. एका गावात सगळा राग डोंगरावरच्या क्रशरवर होता. मोजल्यावर दिसलं, रात्री अकरानंतरच्या बहुतेक गाड्या खडीच्या नव्हत्याच. टोल चुकवायला महामार्ग सोडून आत शिरलेले मालट्रक होते ते. क्रशर बंद करून त्यांना काय फरक पडला असता?

ओव्हरलोडचं प्रकरण वेगळं चालवा

रस्त्यावर बंदी हा एक विषय, जास्त भरलेली गाडी हा दुसरा. दोन्ही एका अर्जात घातले की एकही धड होत नाही. ओव्हरलोडला नवा आदेश लागत नाही, कायदा आधीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११३ वजनाची मर्यादा घालतं आणि कलम ११४ गाडी काट्यावर न्यायचा अधिकार देतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे दंड २० हजार रुपये, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. काट्यावर यायलाच नकार दिला किंवा आधीच माल ओतून टाकला तर ४० हजार.

दहाचाकी ट्रकचं गाडीसकट कायदेशीर वजन २८.५ टन आहे. काट्यावर ३६.५ भरलं तर जास्तीचे ८ टन: २० हजार अधिक १६ हजार, म्हणजे ३६ हजार रुपये. आरटीओ आणि पोलिसांच्या संयुक्त पथकाने सलग चार रात्री काटा लावला, तर गाड्या ‘अंडरलोड’ चालायला लागतात. नियमात भरून लांबच्या खेपा परवडत नाहीत, म्हणून काही गाड्या आपोआप कमी होतात.

माल खाणीतून येत असेल तर माहितीच्या अधिकारात कागद मागा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, तेव्हा तीन वेगळे अर्ज करा. पहिला जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे: खाणपट्ट्याचा आदेश, त्याच्या अटी, दर महिन्याला दिलेले वाहतूक पास. दुसरा पर्यावरण मंजुरीची प्रत आणि दर सहा महिन्यांच्या पूर्तता अहवालासाठी. मंजुरीत ताडपत्री, पाणी मारणे, वाहतुकीचा मार्ग अशा अटी बहुधा असतात आणि त्या कोणी वाचलेल्या नसतात. तिसरा बांधकाम विभागाकडे: तुमच्या रस्त्याचा वाहतूक वर्ग कोणता धरला होता. ‘टी-४’ असं लिहिलेलं एक पान हातात आलं की वरचा सगळा हिशोब तुमचा न राहता खात्याचा होतो.

नेमकं काय मागायचं

इथे घाई करू नका. ‘सरसकट कायमची बंदी’ मागितली की नकार द्यायला सोपं जातं. मागायचे पर्याय बरेच आहेत: ठराविक वजनावरच्या गाड्यांना बंदी, ठराविक प्रकारच्या गाड्यांना बंदी, ठराविक वेळेत बंदी, पावसाळ्यापुरती बंदी, भरलेल्या गाड्या एका रस्त्याने आणि रिकाम्या दुसऱ्याने, किंवा फक्त पुलापुरती मर्यादा.

वजनाची मर्यादा ऐकायला भारदस्त वाटते, पण रस्त्यावर उभ्या हवालदाराकडे काटा नसतो. गाडी बघून वजन सांगता येत नाही, चाकं मात्र मोजता येतात. म्हणून मी ‘तीन किंवा अधिक आसांची मालवाहू वाहने’ (म्हणजे दहाचाकी आणि त्याहून मोठी) अशी भाषा वापरायला सांगतो. ती दुरून दिसते, फोटोतही दिसते आणि त्यावर वाद होत नाही. पूल जुना असेल तिथे मात्र वजनाचाच आकडा हवा आणि तो अभियंत्याने लेखी दिलेला हवा. तुम्ही ठरवलेला चालणार नाही.

वेळेची बंदी सगळ्यात लवकर मिळते. शाळेच्या दोन वेळा आणि रात्री १० ते सकाळी ६ एवढं मागा. टोल चुकवणारे गेले आणि मुलंही सुटली. धंदा पूर्ण बंद होत नसल्यामुळे समोरचा कोर्टात जायची शक्यताही कमी.

आता सूट. बंदी मरते ती इथेच. कोकणात गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्यावरच्या गाड्यांना दरवर्षी बंदी घालतात, तेव्हा दूध, भाजीपाला, औषधं, इंधन, गॅस यांना वगळतात. तशी यादी तुम्हालाही करावी लागेल आणि त्यात एक अवघड नाव येईल: ऊस. तोडणी सुरू झाली की गावातलाच ऊस दहाचाकी ट्रकने आणि दोन-दोन ट्रॉल्यांनी कारखान्याला जातो. त्यालाही बंदी घातली तर ग्रामसभेत तुमचीच माणसं उठून जातील. सरळ सूट दिली तर खडीवाला म्हणेल, ‘त्याचा ट्रक चालतो, माझा का नाही?’ आणि ते खरंही आहे. उसाच्या ट्रकने झीज होत नाही असं थोडंच आहे?

माझा तोडगा असा. सूट मालाला देऊ नका, ठिकाणाला द्या. ‘या रस्त्यावरील गावांच्या हद्दीतच माल भरणारी किंवा उतरवणारी वाहने वगळून’ असं लिहा. ऊस, खत, घरबांधणीची वाळू, बोअरची गाडी सगळं त्यात बसतं आणि फक्त वाट म्हणून गाव वापरणारी गाडी बाहेर राहते. पण खाण गावाच्याच हद्दीत असेल तर हे वाक्य तुमच्यावर उलटतं. तिथे ‘मात्र खाणपट्टा व क्रशर येथील वाहतुकीस ही सूट लागू नाही’ असं जोडून द्या. ‘स्थानिक’ असे स्टिकर वाटायच्या भानगडीत पडू नका. महिन्याभरात जिल्ह्यातली प्रत्येक गाडी स्थानिक होते.

पर्यायी मार्ग तुम्हीच दाखवा

गाडी अडवली की ती कुठेतरी जाणारच. कन्नडच्या औट्रम घाटात २०२३ च्या ऑगस्टपासून न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनं बंद झाली, तेव्हा ती वाहतूक लांबच्या दुसऱ्या रस्त्यांवर वळवावी लागली. वरंध घाट पावसाळ्यात जड वाहनांना बंद होतो तेव्हाही भोर-महाडच्या आदेशात पर्यायी मार्ग लिहिलेले असतात. तुमचा रस्ता छोटा असला तरी नियम तोच. पर्यायी रस्ता राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असावा. किती किलोमीटर जास्त पडतात ते गाडीने जाऊन मोजा. वाटेत अरुंद पूल, रेल्वेचा भुयारी मार्ग, शाळा काय आहे ते लिहा.

तो रस्ता शेजारच्या गावातून जात असेल तर अर्जाआधी त्या गावच्या सरपंचांकडे चहाला जा. न सांगता त्यांच्या दारात डंपर सोडलेत तर पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्ज तुमच्या विरोधात असेल. शक्य असेल तर दोन-तीन गावांनी मिळून एकच मागणी करा.

ठराव आणि अर्ज

ग्रामपंचायतीला स्वतः बंदी घालायचा अधिकार नाही, हे ग्रामसभेत आधीच सांगून टाका. ठराव ही मागणी आहे, आदेश नव्हे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जवळची ग्रामसभा धरा किंवा विशेष सभा बोलवा. ठरावात घोषणा नकोत. रस्त्याचा क्रमांक, साखळी, मोजणीचे आकडे, मागणी, सूट, पर्यायी मार्ग एवढंच.

अर्ज जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी यांच्या नावे. प्रती पोलीस अधीक्षक, उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि तहसीलदार यांना. गाव पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर अर्ज आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे. चाकण-तळेगाव भागातल्या गावांना पिंपरी-चिंचवड आयुक्तालय लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मजकूर असा ठेवा:

‘ग्रामीण मार्ग क्र. … (कि.मी. … ते …) हा रस्ता … मीटर रुंदीचा असून दि. … ते … या काळात केलेल्या गणनेत तीन व अधिक आसांची सरासरी … मालवाहू वाहने दररोज आढळली. त्याच वेळी … विद्यार्थी पायी ये-जा करतात. सबब मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११५ व ११६ आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३३ अन्वये सदर वाहनांस … ते … या वेळेत मनाई करावी व वाहतूक … मार्गे वळवावी. प्रथम एक महिन्याकरिता प्रायोगिक तत्त्वावर आदेश व्हावेत.’

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. कलम ११५ प्रमाणे बंदी राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. पण ती एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. अधिकाऱ्याला महिन्याचा प्रयोग मान्य करायला जड जात नाही. एकदा गाड्या वळल्या आणि आभाळ कोसळलं नाही, की कायमच्या अधिसूचनेची फाइल पुढे सरकते.

अर्ज दिल्यावर जिल्हाधिकारी कार्यालय पोलीस, आरटीओ आणि बांधकाम विभागाचे अभिप्राय मागवतं. फाइल इथे झोपते. अभिप्राय मागवणाऱ्या पत्राचा जावक क्रमांक घेऊन प्रत्येक कार्यालयात जा आणि संयुक्त पाहणीची तारीख मागून घ्या. पाहणी शाळा सुटायच्या वेळी ठेवायला सांगा, दुपारी तीनला नव्हे. दोन महिने काहीच हललं नाही तर लोकशाही दिनात विषय न्या. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

हे करू नका

रस्त्यात चर खणणे, दगड टाकणे, मनाने कमान उभारणे. कमानीखालून एसटी आणि अग्निशमनाची गाडीही जायची असते. रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेची कलमं १२६ आणि २८५ तुमच्याच पोरांवर लागतात, मग नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या वेळी रडारड. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रिपमागे ‘गावनिधी’ घेणं. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती दिली तरी खंडणीची तक्रार व्हायला वेळ लागत नाही. शिवाय पैसे घेतलेल्या गावाला नंतर बंदी मागायला तोंड उरत नाही.

आदेश निघाल्यावर

फलक नसेल तर आदेश कागदावरच राहतो. कलम ११६ प्रमाणे फलक अधिकृत यंत्रणेनेच लावायचा. ग्रामपंचायतीने खर्च केला तरी जागा आणि नमुना त्यांचाच. तांबड्या कड्याचं गोल चिन्ह आणि खाली मराठीत वेळ. फलक गावाच्या वेशीवर लावू नका. तिथे पोचलेल्या बाराचाकीला वळायला जागाच नसते, मग ती पुढेच रेटते. महामार्गाच्या फाट्यावर एक आणि त्याच्या आधी दोन्ही बाजूंना सूचनेचे असे लावून घ्या. खाण, क्रशर, जवळचे वजनकाटे आणि ट्रकवाल्यांचे ढाबे इथे आदेशाची प्रत चिकटवा.

पहिले पंधरा दिवस पोलिसांचा बंदोबस्त लेखी मागा. कलम ११५ मोडणाराही कलम १९४ च्या दंडात येतो, हे ठाण्यातल्या अंमलदाराला आदेशाच्या प्रतीसकट दाखवा. पुष्कळदा किरकोळ पावती फाडून गाडी सोडून दिली जाते. गाडीचा नंबर, वेळ आणि मागचा फलक एकाच फोटोत येईल अशी जागा हेरून ठेवा. फोटो ठाण्याला आणि आरटीओला पाठवा, गावाच्या ग्रुपवर टाकून समाधान मानू नका.

महिना संपायच्या आठवडाभर आधी पुन्हा मोजणी करा. जागा तीच, रकाने तेच, पाळ्या त्याच, आणि जमलं तर पोरंही तीच. या वेळी एक वही शेजारच्या गावातल्या पर्यायी रस्त्यावरही ठेवा. दोन्ही वह्यांच्या प्रती जोडून कायमच्या अधिसूचनेचा अर्ज मुदत संपायच्या आत आवक-जावकला द्या आणि पोच घ्या.